दसऱ्याआधीचा बाजार

मजुरीचा दर कसा ठरतो, हे मी बरीच वर्षं कॉलेजात शिकवते. फळ्यावर मागणीची एक रेषा, पुरवठ्याची एक, आणि दोन्ही छेदतात तिथे दर. मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत बरोबर लिहितात. माझं संशोधन ज्या मजुरांवर आहे त्यांचा दर मात्र असा कुठे छेदताना मला दिसलेला नाही. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांतून आणि शेजारच्या पाथर्डी-शेवगावातून दरसाल लाखो माणसं ऊस तोडायला खाली उतरतात. कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी सातारा, सोलापूर, पुण्याकडे, कुणी थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला. त्यांचा बाजार भरतो पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत, मुकादमाच्या ओट्यावर. तिथे ऊस नसतो, कारखाना नसतो, वजनकाटाही नसतो. मुकादम असतो, त्याची वही असते आणि उचल असते.

बाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगते. कारखान्याकडून वाहतूक कंत्राटदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून मजुराकडे हंगामाआधीच पैसा येतो. ती उचल. पुढे पाच-सहा महिने तोड करून ती फेडायची. उचल माणसाला मिळत नाही, कोयत्याला मिळते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता. अर्ध्या माणसाची मोजणी करणारा दुसरा श्रमबाजार माझ्या वाचनात नाही.

मी या भागात पहिल्यांदा गेले ती शिक्षणाचा परतावा मोजायला. जेकब मिन्सर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचं १९७४चं पुस्तक आमच्या पिढीचं बायबल. शाळेत घालवलेल्या एकेका वर्षामागे मजुरी किती टक्क्यांनी वाढते, याचं त्यानं बसवलेलं समीकरण जगभरच्या देशांत चालवून झालं आहे. त्यासाठी फार काही लागत नाही: माणसाचं शिक्षण, वय आणि मजुरी. शिक्षण आणि वय मिळालं. मजुरीपाशी गाडी अडली.

सातारा जिल्ह्यात एका फडाच्या कडेला कोप्या पडल्या होत्या. बांबूच्या कमानी, वर ताडपत्री, आत एक पेटी, दोन गोधड्या आणि पाण्याचे ड्रम. दुपार उलटून गेली होती. गाडी भरून गेली होती, दुसरी यायची होती, म्हणून बायकांना घटकाभर उसंत होती. तिशीतली एक बाई भाकरीचं पीठ मळत होती. मी प्रश्नावली काढली आणि विचारलं, ताई, तुमची रोजची मजुरी किती पडते?

"ती यांना इचारा. वहीत यांचंच नाव हाय."

पण काम तर तुम्हीही करता.

"करते की. पाटं चारला उठायचं, सैपाक उरकायचा, फडात जायाचं. हे तोडत्यात, म्या पाचट काढून मोळ्या बांधते. गाडी आली की मोळी डोक्यावर घ्यायची अन् फळीवरनं चढून ट्रॉलीत टाकायची. गाडी रात्री बाराला आली तर बाराला. आता ह्येची मजुरी कशी इचारता मॅडम, टनाचा पैसा टोळीच्या नावानं पडतो, अन् उचल तर गौरी-गणपतीलाच खर्चून झाली."

फॉर्ममध्ये चौकट होती: गेल्या सात दिवसांतली प्रत्येक दिवसाची कमाई, माणसागणिक. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत, म्हणजे २०१७-१८पासून चालणाऱ्या पीएलएफएसमध्येही, हंगामी रोजंदारीच्या मजुराला ५१ नंबरचा कोड देऊन असंच विचारतात. आमच्या पाहणीतला एक मुलगा सगळी रक्कम नवऱ्यापुढे लिहायचा आणि बायकोपुढे शून्य. दुसरी मुलगी निम्मी-निम्मी वाटायची. दोघांचंही चूक म्हणवत नव्हतं, कारण बरोबर उत्तर अस्तित्वातच नव्हतं. पहिल्याच्या आकड्यांवरून निष्कर्ष निघाला असता की बायका फुकट राबतात, दुसरीच्या आकड्यांवरून निघाला असता की ऊसतोडीत स्त्री-पुरुष समान वेतन आहे. हा दुसरा निष्कर्ष एखाद्या परिषदेत टाळ्याही घेऊन गेला असता.

मग मी माणसागणिक मजुरीचा नाद सोडला आणि कोयत्याचा हिशेब मांडला. जानेवारी २०२४मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांची तडजोड होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली आणि टनाला २७३चे ३६६ रुपये झाले. चांगली जोडी चांगल्या दिवशी दोन टन तोडते. म्हणजे ७३२ रुपये, दोघांचे मिळून, आणि दिवस बारा-चौदा तासांचा. एक लाखाची उचल फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन धरले तर १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने, एकही दिवस आजारी न पडता. हंगाम असतो पाच महिन्यांच्या आसपास, त्यात अवकाळी, गाडी बिघडणं, कारखाना बंद पडणं आलंच. न फिटलेली बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत धरली जाते. काम चुकवलं तर खाडा पडतो आणि खाड्याचा दंड वहीत चढतो. बाईची पाळी असो, गरोदरपण असो, खाडा तो खाडा. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीडमधल्या ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. या आकड्याची कारणं डॉक्टरांपासून गैरसमजांपर्यंत अनेक सांगितली गेली. खाड्याच्या नोंदी पाहिलेल्या माणसाला मात्र त्यात करारही दिसतो.

इथे कुणीही विचारेल, आणि माझे विद्यार्थी विचारतातच, की मग रोजगार हमी का नाही? प्रश्न रास्त आहे, कारण ती योजना महाराष्ट्राचीच. वि. स. पाग्यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात १९६५मध्ये तिचा पहिला प्रयोग केला, १९७२च्या दुष्काळात तिचं महत्त्व पटलं, १९७७मध्ये कायदा झाला आणि १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदारानं व्यवसाय कर भरायचा आणि त्यातून खेड्यातल्या हाताला काम द्यायचं, ही कल्पना देशात दुसरीकडे कुणाला सुचली नव्हती. त्या दुष्काळाच्या जरा आधी, १९७१मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीवरचा तो प्रसिद्ध प्रबंध लिहिला होता. खेड्यात महिन्याला माणशी पंधरा रुपये, शहरात साडेबावीस, तेही १९६०-६१च्या किमतींनी, एवढाही खर्च ज्यांना झेपत नाही ते गरीब, असं त्यांनी मांडलं आणि उपाय सांगितला तो सार्वजनिक कामांवर हमीच्या मजुरीचा. जमिनीचे तुकडे वाटून हे भागणार नाही, असं ते स्पष्ट म्हणाले आणि त्याबद्दल डाव्यांच्या शिव्याही खाल्ल्या. गोखले संस्थेच्या वाचनालयात बसून हे वाचताना मला वाटायचं, प्रश्न सुटला, आता फक्त अंमलबजावणी उरली. तरुणपणी असं वाटायला हरकत नसते.

२०२४-२५मध्ये मनरेगाची, म्हणजे याच हमीच्या देशव्यापी रूपाची, महाराष्ट्रातली मजुरी होती रोज २९७ रुपये. कोयत्यातल्या एका माणसाच्या वाट्याचे ३६६ त्याहून जास्त, पण फरक असा नाही की त्यासाठी सहा महिने उघड्या रानात कोपीत राहावं. मी पाटोद्याकडे हे विचारायची तेव्हा माणसं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी बघायची. मुलीचं लग्न काढलंय, सोसायटीचं कर्ज थकलंय, बोअर मारली तिला पाणी लागलं नाही, आईचं ऑपरेशन आहे. यातल्या कशालाही रोज २९७ रुपये उपयोगी नाहीत, लाख रुपये एकदम लागतात. बँक देत नाही, सावकार देतो पण तारण मागतो, मुकादम मात्र दोन माणसांच्या हातांवर देतो. रोजगार हमी ही मजुरी देणारी योजना आहे आणि ही माणसं कर्जाच्या बाजारात उभी आहेत. तिथे त्यांनी आपले पाच महिने विकलेले नसतात, गहाण टाकलेले असतात. दुष्काळी कामांनी माणसं जगवली यात शंका नाही, पण उचलीला पर्याय त्या योजनेत कधी नव्हता आणि आजही नाही.

आता शाळा. आमच्या विषयात बाण नेहमी शाळेकडून बाजाराकडे काढतात: शिक्षण वाढलं की मजुरी वाढते, मजुरी वाढली की गरिबी हटते. शिरूर-पाटोद्यात मला बाण उलटा दिसला. मजुरीचा करार ज्या आकाराचा, त्या आकाराची शाळा मुलाच्या वाट्याला येते. करार जोडीशी असतो, म्हणून आई आणि बाप दोघंही जातात. एकट्या पुरुषाचं स्थलांतर असतं, जसं कोकणातून मुंबईला पिढ्यान् पिढ्या होतं, तर आई घरी राहिली असती आणि शाळा चालू राहिली असती. करार हंगामाचा असतो, आणि गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे शाळेचं जवळजवळ अख्खं दुसरं सत्र. मूल सोबत गेलं तर जूनमध्ये शिकलेलं मार्चपर्यंत विसरतं. मोठी मुलगी असेल तर ती कोपीवर धाकट्याला सांभाळते, मुलगा वाढं गोळा करून विकतो.

आणि जोडी हवी म्हणून जोडी जमवली जाते. मुलगा मिसरूड फुटण्याआधी अर्धा कोयता असतो, लग्न झालं की पूर्ण होतो आणि उचल दुप्पट. मुलीच्या बापाचा हिशेबही सरळ असतो: वयात आलेली मुलगी घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची आणि फडात कशी न्यायची? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के निघाल्या, बीडमध्ये सुमारे ४४. याला मागासलेपणा, रूढी, अज्ञान ही नावं देऊन मोकळं होणं मला पटत नाही. त्याच जातीच्या, त्याच गावच्या, पण तोडीला न जाणाऱ्या घरांत मुली बारावीपर्यंत शिकताना मी पाहिल्या आहेत. बालविवाहविरोधी फलक शाळेच्या भिंतीवर असतो. तो मुकादमाच्या ओट्यावर लावून बघायला हवा.

ही माणसं आकडेवारीत का नीट उतरत नाहीत, त्याचंही कारण साधं आहे. डिसेंबरात पाहणीवाला गावात पोचतो तेव्हा निम्म्या दारांना कुलूप असतं. नियमानुसार तो त्या घराऐवजी दुसरं घर घेतो आणि बदलीच्या कारणात 'घरातले बाहेरगावी' असा शेरा मारतो. जे घरी सापडतं ते घर तोडीला न गेलेलं, म्हणजे थोडं बरं असतं. कोप्यांची वस्ती तर कुठल्याच गावाच्या यादीत नसते. बरं, घर सापडलं तरी कधी विचारता यावर उत्तर फिरतं. खर्चाच्या पाहणीत सात दिवसांचं विचारावं की तीस दिवसांचं, यावरून १९९९-२०००च्या फेरीनंतर अर्थतज्ज्ञांत केवढं रण माजलं होतं. अँगस डीटनसारख्यांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. तोडीला जाणाऱ्या घराला तर सात-तीसचा प्रश्नच नाही. सप्टेंबरात विचारा, हातात उचल आहे, किराणा भरलेला आहे, पोराला नवे कपडे आहेत: गरिबीरेषेच्या वर. जुलैत विचारा, दुकानदाराची उधारी आणि रेशनचा तांदूळ: रेषेच्या खाली. दोन्ही वेळा खरंच सांगितलेलं असतं.

उपाय झाले नाहीत असं नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या, काही संस्थांनी त्या जीव ओतून चालवल्या. पुढे शिक्षण हक्क कायदा आला आणि मुलांना गावातच ठेवण्यावर भर आला. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून जवळच्या शाळेत बसता येतं. कागदावर. फडापासून शाळा तीन-चार किलोमीटर, टोळी पंधरवड्यानं दुसऱ्या गावी, आणि वर्गात शिक्षकापुढे एक अनोळखी मूल जे महिन्याभरात निघून जाणार. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही.

मी ज्या घरांचा माग ठेवला त्यांत मूल शाळेत टिकलं की नाही, हे सांगणारी खूण एकच होती, आणि ती बापाचं शिक्षणही नव्हती, जमीनही नव्हती. घरात चालतीफिरती आजी आहे का? आजी असेल तर मूल मागे राहतं, दुपारी शाळेतली खिचडी आणि रात्री तिच्या हातची भाकरी खातं. आजी अंथरुणाला खिळली की पोरगी शाळेतून बाहेर. समीकरणात हा चल घातला तेव्हा इतर बऱ्याच चलांचा जोर उतरला. मराठवाड्याच्या शिक्षणाचा भार म्हाताऱ्या बायकांच्या गुडघ्यांवर आहे, असं मी एका चर्चासत्रात बोलून गेले तर लोक हसले. मी विनोद केलेला नव्हता. हंगामी वसतिगृहं मुळात आजीलाच हातभार लावण्यासाठी आहेत: मुलाला जेवण शाळेत, अभ्यास शाळेत, झोपायला नातलगांकडे. चालतात तिथे फार चांगली चालतात. एका गावात स्वयंपाक करणारी बाई पूर्वी स्वतः तोडीला जायची. ती हजेरी घेतल्यासारखी पोरं मोजून वाढायची.

जी मुलं या सगळ्यातून पार पडून पदवीपर्यंत जातात, त्यांचं काय? पीएलएफएसच्या २०२२-२३च्या आकड्यांत पदवीधरांमधली बेरोजगारी तेरा टक्क्यांच्या वर आणि निरक्षरांमधली एक टक्काही नाही. वर्तमानपत्रं यावरून शिक्षण कुचकामी ठरवतात. तसं नाही. निरक्षराला बेकार राहणं परवडत नाही, एवढंच. पदवीधर मुलगा पोलीस भरतीची, एमपीएससीची तयारी करत बीड-संभाजीनगरच्या खोलीत राहतो तो आई-बापाच्या उचलीवर. त्याच्या अभ्यासिकेची फी उसाच्या टनांत भरलेली असते. भरती झाली तर घराचा कोयता कायमचा सुटतो आणि अशी घरं मी पाहिली आहेत, म्हणून ही धडपड वेडी म्हणायला मी तयार नाही. जागा थोड्या असतात आणि बहुतेकांचं वय निघून जातं. त्यातले काही परत येऊन काय करतात? मुकादमकी. लिहिता-वाचता येतं, कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याशी बोलता येतं, वही ठेवता येते. शिक्षणाचा जो परतावा मोजायला मी गेले होते तो या धंद्यात मला खणखणीत मिळाला तो इथेच. कमिशन मुकादमाला आणि जोखीमही त्यालाच. उचल घेऊन टोळी पळाली तर त्याची जमीन जाते. त्याला खलनायक करून प्रश्न सुटत नाही. तो त्याच गावचा असतो, बहुधा मजुराच्याच पोटचा.

हार्वेस्टर आले आहेत, वाढतही आहेत. लहान, वेडेवाकडे फड आणि पावसाळी जमीन आहे तोवर कोयता लागणार, असं कारखान्याचे लोक सांगतात. मजूर सांगतात की दोन-चार वर्षांत आमची गरज संपेल. कोण बरोबर ते कळेल तेव्हा कळेल. पण मजुरी गेली आणि कर्जाची गरज राहिली तर ती माणसं आणखी वाईट अटींवर आणखी लांब जातील, वीटभट्टीवर, परराज्यात.

उचल बंद करा, असं मी म्हणणार नाही. आज ती बंद झाली तर पोळ्याला शेकडो गावांत चूल पेटणार नाही. मागणं साधं आहे. करार जोडीशी नको, माणसाशी करा, बाईचं नाव वहीत आणि पैसा तिच्या खात्यात. असं झालं तर अर्धा कोयता पूर्ण करण्यासाठी पंधराव्या वर्षी लग्न लावायचं कारण तरी उरणार नाही. गाळलेल्या उसाच्या टनामागे ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी पैसा गोळा होतो, त्यातून हंगामाआधीचं कर्ज दिलं तर मुकादमाच्या ओट्यावर जायची गरज काही घरांना तरी पडणार नाही. आणि हंगामी वसतिगृहांची मंजुरी. मी पाहिलेल्या बहुतेक गावांत ती दिवाळीनंतर आली, काही ठिकाणी डिसेंबरात. ट्रॅक्टर दसऱ्यालाच भरून गेलेले असतात. मुलांची यादी पोळ्याच्या आत लागली पाहिजे, कारण मूल न्यायचं की ठेवायचं हे घरात त्याच दिवसांत ठरतं.